जात्यावर बसलेला गडी

नागपंचमीला नाथाजी बहिणीकडं तासगावला निघाले आणि अलीकडंच कवलापुरात एसटीतून उतरले. बहिणीचंच घर समजून कुणा परक्याच्या कट्ट्यावर बसले, चहा प्याले आणि घरधनिणीलाच विचारत राहिले, "अंबू कुठं गेली?" एक भला माणूस त्यांना परत त्यांच्या गावी पोचवून गेला. मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेला मुलगा लालासाहेब म्हणाला, "आबा, आजपास्नं एकट्यानं एसटी बंद."

भाऊबीज तीन महिन्यांवर होती. अंबूबाईच्या लग्नापासून नाथाजींनी एकही चुकवली नव्हती. आता पोराचं बोट धरून बहिणीच्या दारात जायचं, हे म्हाताऱ्याला काही केल्या पटेना.

चंद्राबाई, त्यांची बायको, पासष्टीची. गावात गिरणी येऊन पंधरा वर्षं झाली तरी बाई घरीच ज्वारी दळायची. साऱ्या गावाच्या लेकी, त्यांची सासरं, बाळंतपणं तिला तोंडपाठ. नाथाजींनी विचारलं, हे तुला कसं जमतं?

"हातबी फिरतोय, डोस्कंबी फिरतंय. गंजायला येळ कुठाय? बसा समोर. पर रोज नवी ओवी. शिळी चालायची न्हाई."

एके काळी फड गाजवलेला पैलवान जात्याला बसला. हात फिरला की ओवी अडायची, ओवी सुचली की जातं थांबायचं. शेजारची रंगूबाई डोकावली. "आवं मामा, लुगडं कवा नेसताय?"

"एवढी पायली दळून झाली की," नाथाजी म्हणाले आणि तिलाच ओवीत घातली. मग म्हैस आली, जावई आले, एसटीच्या वाटेवरची गावं आली. दसऱ्यापर्यंत आखडलेले खांदे मोकळे झाले, आणि चष्मा कुठं ठेवलाय हे ते दुसऱ्यांना सांगू लागले.

भाऊबीजेला चंद्राबाईनंच त्यांना एकट्याला धाडलं. लालासाहेब गप्प राहिला, तिथंच नाथाजींना शंका आली. एसटीत मागच्या बाकावर घोंगडीत तोंड झाकून कुणी बसलं होतं, खाली मात्र पलटणीचे बूट. नाथाजी पुढं बघून गुणगुणू लागले:

बुधगाव गेलं मागं, कवलापुरी थांबं गाडी
कुमठ्याच्या पुढं माझ्या अंबूबाईची गं माडी

तासगाव आलं. घोंगडी घोरत होती. रात्रभर उसाला पाणी पाजून दमलंय पोरगं, झोपू दे, असं स्वतःला बजावत नाथाजी हळूच उतरले. गाडी विट्याकडं निघून गेली.

दारात अंबूबाईनं त्यांच्या मागं कोण आहे ते पाहिलं. "दादा, एकलाच आलास?"

"एकलाच," नाथाजी म्हणाले, आणि त्यांना रडूच आलं.

दिवेलागणीला ते घरी परतले. बऱ्याच वेळानं लालासाहेब आला, विट्याच्या धुळीनं माखलेला. "आबा, मला उठवायचं तरी."

"तू गाडीत व्हतास व्हय?"

चंद्राबाईनं दोघांकडं पाहिलं, ज्वारीची पाटी लेकापुढं सरकवली आणि जात्याचा खुंटा ठोकून घट्ट केला. "सकाळी लवकर ऊठ," ती म्हणाली.