मोगऱ्याचा कूलर

चार महिन्यांनी घरी आलेल्या पोरानं मायच्या तोंडाकडं न पाहता एका डब्याकडं पाहत जेवावं, ही रीत घरात कुठून शिरली ते जयवंताबाईला कळेना.

कुंदनचं अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एका फोटो स्टुडिओवाल्याला कॉम्प्युटरवर चित्रं पळवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड द्यायचं होतं, म्हणून अंजनगावला येतानाही तो ते मशीनच्या डब्यासकट घेऊन आला. स्टुडिओ पत्र्याखालचा, मायचं घरही पत्र्याचं. मे महिन्यात इथं तीन तास टिकलं तर तिथंही टिकेल, असं त्याचं म्हणणं. दर दहा मिनिटांनी तो वहीत लिहायचा: पडद्यावर चित्रं किती झपाट्यानं पळाली, कार्ड किती तापलं, भिंतीतल्या प्लगला लावलेल्या मीटरवर वीज किती खाल्ली.

"पास झालं का पाचच्या बसनं निघतो, माय."

"आलाच काहून मंग? फोनवर तोंड दाखवाचं होतं."

तो हसला, तेही वहीत पाहतच.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालानंतर जयवंताबाईनं मोगरा लावला होता. पहाटे तोडलेल्या कळ्या ओल्या फडक्यावर, कूलरसमोर. संध्याकाळच्या बाजारापर्यंत त्या मिटलेल्या हव्यात. उमललेलं फूल गजरेवाली हातात धरत नाही. घरात कूलर एकच, तो कळ्यांचा. ती स्वतः त्याच्यापुढं कधी बसली नव्हती.

दुपारी कुंदन शेजारच्या चंद्रभानकाकांना भेटायला उठला. "पडद्यावरचा गर्मीचा आकडा नव्वदच्या वर गेला तर हाक मार. बाकी हात लावू नको."

आकडे तिला बाजारानं शिकवले होते. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. कार्डाचा पंखा घरघरू लागला. तापू दे मेलं, तिला वाटलं. नापास झालं तर पोरगा राहील. एक रात्र तरी त्याच्या खाटेचा आवाज घरात येईल. आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला. मग तिला त्याचा पडलेला चेहरा दिसला, शाळेच्या निकालादिवशी दिसायचा तसा. ती उठली आणि कळ्यांसमोरचा कूलर ओढून तिनं मशीनपुढं लावला.

कुंदन तासाभरानं परतला. चौसष्ट पाहून खुलला, मग मीटरकडं पाहून थबकला.

"वीज तर तेवढीच खाऊन राह्यलं. मंग गर्मी गेली कुठं?" त्यानं मान वळवली. कूलर दिसला. "माय, स्टुडिओत कूलर नाई. आता पुन्हा पह्यलेपासून, तीन तास. पाचची बस गेली."

जयवंताबाईनं कळ्यांचं फडकं जवळ ओढलं. तेव्हा त्याचं लक्ष फडक्याकडं गेलं. सगळ्या कळ्या उमलून पांढऱ्याफेक झाल्या होत्या, घर वासानं भरलं होतं.

"आजचा माल गेला ना तुया," तो हळूच म्हणाला. "माह्या डब्यापायी."

"माल उद्या पुन्हा येईन," ती म्हणाली. "त्या कार्डाले दर दहा मिनिटाले पाहून राह्यला तू. माय कशी हाय, ते चार महिन्यांत एकडाव नाई पाह्यलं. कार्डाचं मले समजत नाई. पण लेक म्हणून तू नापास हायेस, कुंदन. ठेव ते वही, अन् इथं बस."