इब्राहिमने मुलाला विचारलं होतं

जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात तिघंजणं बावीस वर्षं एकत्र राबत होती. सुतार मुसलमान, गादीवाला यहुदी आणि कव्हरं शिवणारी ताई ख्रिस्ती. रोज भांडायची, पण बहुतेक पंख्याच्या वेगावरून.

सुताराच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसहून परतला की तो रंधा हातात धरून नुसताच उभा राहायचा. शेवटी त्याच्या एकुलत्या एक लेकीची किडनी जुळली. लेक चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, पण बापाने ठेवलेलं ‘चिमणी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ती तपासण्यांचे कागद घेऊन कारखान्यात आली, तर सुतार म्हणाला, “माझ्यासाठी लेकीच्या पोटावर सुरी? मी जिवंत असेपर्यंत नाही.”

“मग फार थांबावं लागणार नाही,” तोंडातले खिळे न काढता गादीवाला बोलून गेला. ताईने डोळे वटारले तसा तो वरमला.

“हुकूम झाला म्हणून पोटच्या पोरावर सुरी धरणं इब्राहिमला जमलं असेल,” सुतार म्हणाला. “तो अल्लाहचा दोस्त. मी साधा माणूस.”

गादीवाल्याने खिळे हातात घेतले. “खरं सांगू? मला तुझं पटतं. तुमचा इब्राहिम तोच आमचा अब्राहम. तो एका पापी शहरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास भली माणसं निघाली तर वाचवशील ना? असं करत करत दहावर आणतो. आणि पोटच्या इसहाकचा बळी मागितला तेव्हा चकार शब्द नाही! देवदूताने हाक मारून थांबवलं म्हणून बरं.”

“तो गप्प राहिला कारण त्याला खात्री होती,” ताई म्हणाली. “देव मेलेल्यालाही उठवून परत देईल, ही खात्री. म्हणून तर आम्ही त्याला विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांचा बाप म्हणतो. भाऊ, तूही विश्वास ठेव.”

“आणि तो मुलगा इसहाक नव्हता, इस्माईल होता,” सुतार म्हणाला.

“झालं सुरू!” गादीवाल्याने कपाळावर हात मारला. पुढचा अर्धा तास त्यातच गेला. चहा गार झाला.

चिमणी एका सीट उसवलेल्या खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, “अब्बा, लहानपणी झोपताना तुम्हीच ही गोष्ट सांगायचात. मुलाचा बळी देतोय असं इब्राहिमला स्वप्न पडलं, मग त्याने काय केलं?”

“मुलाला सांगितलं.”

“नुसतं सांगितलं?”

सुतार घुटमळला. “विचारलं. बघ बाळा, तुला काय वाटतं?”

“आणि मुलगा काय म्हणाला?”

“म्हणाला, अब्बा, हुकूम झालाय तसं करा. मी धीर धरेन.”

“मला डॉक्टरांनी विचारलं, नवऱ्याने विचारलं. तुम्ही मात्र परस्पर नाही म्हणून मोकळे झालात.”

गादीवाल्याने घसा खाकरला. “आमच्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, जुन्या कथांतही इसहाक चांगला बाप्या माणूस आहे. बापाला म्हणतो, मला घट्ट बांधा, मी हललो तर पंचाईत. आत्ता आठवलं. मी माझं मत मागे घेतो.”

सुताराने हातावरचा भुसा झटकला, पुन्हा झटकला. “चिमणे,” तो म्हणाला, “तुला काय वाटतं?”

“मला द्यायचीय, अब्बा.”

“भीती नाही वाटत?”

“खूप वाटते. तरी द्यायचीय.”

त्याने कागद मागितले आणि सुतारी पेन्सिलीनेच सही करू लागला. ताईने ती काढून घेऊन त्याच्या हातात पेन दिलं.

महिन्याभराने एका सकाळी दोघांची ऑपरेशनं झाली. कारखाना बंद ठेवून गादीवाला आणि ताई बाहेरच्या बाकावर आपापल्या प्रार्थना पुटपुटत बसली होती. चिमणीची किडनी बापाच्या अंगी लागली.

पाचव्या दिवशी सुतार सलाईनचा स्टँड ढकलत लेकीच्या वॉर्डापर्यंत चालत गेला. दहा मिनिटं लागली. तिच्या पायाशी टेकला तशी तिने डोळे उघडले.

“दुखतंय का?” दोघांनी एकदमच विचारलं.

“छे!” दोघंही म्हणाली, आणि दोघंही धडधडीत खोटं बोलत होती.