सहा गाठींची वडी

तीन दिवस झाले, थोरलीच्या पायाला भिंगरी लागली होती. पुढच्या खोलीतून मागच्या, मागच्यातून परत पुढच्या. बसली की उठायची, उठली की काहीतरी उचलायची, उचललेलं भलत्याच ठिकाणी ठेवायची आणि मग ते सापडत नाही म्हणून दुसऱ्यांवर डाफरायची. कारण एकच. सून साबणाचे फोटो काढत होती आणि ते काही केल्या चांगले येत नव्हते.

साबण थोरलीचा. चाळीस वर्षं तिने आपल्या हाताने तेल तापवलं, खाराचं पाणी ओतलं, लाकडी साच्यात लादी जमवली आणि तारेने वड्या पाडल्या. आजूबाजूच्या गल्ल्यांत तिचा साबण गेला नाही असं घर नव्हतं. पण आता शहराच्या मधोमध असलेल्या एका मोठ्या दुकानातून विचारणा आली होती. दुकानाची मालकीण म्हणाली होती, हाताने केलेल्या साबणाला एकच फळी देणार आहे, मागणारे तिघं आहेत. गुरुवारी चारच्या आत फोटो पाठवा. ज्याची वडी डोळ्यांत भरेल, त्याची फळी.

आज गुरुवार होता आणि दहा वाजून गेले होते.

"फोटो बघून साबण घेणार म्हणे," थोरली म्हणाली. "उद्या फोटो बघून पोट भरतील."

"आई, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय."

"माझ्या घरात माझ्या सावलीने पण आता विचारून पडायचं का?"

पण सरकली. सरकली ती सरळ सुनेच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि मोबाईलमध्ये डोकावली. जुन्या फळकुटावर तीन हिरव्या वड्या रचलेल्या होत्या. हिरव्या म्हणायच्या एवढंच. पालकाची पूड घातलेला साबण मुरता मुरता सुकलेल्या गवतासारखा होतो, वर पांढरी पूड धरतो. हातात घेतला तर लोण्यासारखा, पण फोटोत नुसती वीट दिसत होती.

"ही काय भिंत बांधायला काढलीयेस?"

"उजेडच बरोबर नाहीये. ढग आला की रंग जातो, ऊन आलं की वडी चकाकते." सून म्हातार्‍याकडे वळली. "बाबा, पुठ्ठा थोडा वर."

म्हातारा, म्हणजे थोरलीचा नवरा, खिडकीसमोर स्टुलावर बसून पांढरा पुठ्ठा धरून होता. खिडकीचा उजेड वडीच्या एकाच अंगावर पडायचा, दुसरं अंग काळं राहायचं. ते उजळावं म्हणून पुठ्ठा. तीन दिवसांत त्याला वर्तमानपत्र वाचायला मिळालं नव्हतं.

"मला नोकरीतसुद्धा इतका वेळ उभं-बसं कुणी केलं नाही," तो म्हणाला.

"तिथे तुम्ही काम करत होतात कुठे, जे कुणी उभं करील?" थोरलीने तोडून टाकलं.

सुनेने फोटो खोडला, दुसरा काढला, तोही खोडला. शेवटी म्हणाली, मागे काळा कागद लावून बघते, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन येते. चपला घालून गेली.

ती गेली आणि थोरली मागच्या खोलीत शिरली.

मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या. वड्या पाडल्या की त्या इथे हवेशीर मांडायच्या आणि सहा आठवडे हात लावायचा नाही. तोवर त्यातला खार शांत होत नाही, कातडीला लागतो. थोरलीचं लिहिण्यावाचण्याशी कधी जमलं नव्हतं, तारखा-बिरखा तिच्या कामाच्या नव्हत्या. ती प्रत्येक घाण्याच्या फळीला खिळ्यावर एक सुती दोरा अडकवायची आणि दर आठवड्याला, ज्या वारी घाणा काढला त्याच वारी, त्या दोऱ्याला एक गाठ मारायची. सहावी गाठ बसली की वडी बाहेर. पाचव्या गाठीला तिच्या सख्ख्या बहिणीने एक वडी मागितली होती, तर तिलाही रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. बहीण वर्षभर बोलली नव्हती. थोरली ते अजून मिरवून सांगायची.

सून घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिला हे दोरे दाखवले होते. "नवऱ्यावर विश्वास ठेव न ठेव, तुझी मर्जी," थोरली म्हणाली होती. "दोऱ्यावर ठेवायचा."

आता ती खालच्या फळीसमोर उभी होती. तिथे रविवारी पाडलेला घाणा होता. चार दिवसांचा. तोच पालक, तेच तेल, पण काय रंग. ओल्या पानासारखा. तारेने कापलेल्या कडा अशा की बोट कापेल. वर पुडीचा कण नाही. हाच साबण, हीच आपली करणी, मग जगाने वडीला म्हातारी झाल्यावरच का बघायचं?

सुनेला विचारलं तर ती नाही म्हणणार, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. शिकवलंच होतं तसं. आणि नुसता फोटो तर काढायचाय, कुणाच्या अंगाला थोडाच लावायचाय. थोरलीने खालच्या वड्या वर ठेवल्या, वरच्या खाली. मग हात थबकला, पण थबकून राहिला नाही. सहा गाठींचा दोरा वरच्या खिळ्यावर होता तसा राहू दिला. बिनगाठीच्या दोऱ्याला तीनचार गाठी पटापट मारल्या, म्हणजे खालच्या फळीकडे बघून कुणाला काही वाटायला नको. मुरलेला साबण खाली, कोवळा वर, आणि दोरे खोटे.

"बराच वेळ लागला," म्हातारा स्टुलावरूनच म्हणाला.

"धूळ पुसत होते."

"हं," म्हातारा म्हणाला. त्याच्या स्टुलावरून मागच्या खोलीचा दरवाजा सरळ दिसायचा.

सून काळा कागद घेऊन आली. थोरलीने तिच्यासमोर तीन वड्या ठेवल्या. "ह्या घे. मागच्या बाजूला होत्या, अंधारात. रंग टिकलाय."

सुनेने वडी वळवून बघितली, मग थेट मागच्या खोलीत गेली आणि परत आली. "वरच्याच फळीवरच्या ना? सहा गाठी आहेत, मोजल्या मी."

"मग झालं तर."

त्यानंतर फोटो असे आले की सून खुर्चीवरून उठून उभी राहिली. काळ्या कागदापुढे हिरवी वडी, एका कडेला खिडकीचा उजेड, दुसऱ्या कडेला पुठ्ठ्याची मऊ झाक. मग तिला फेसाचा फोटो हवा झाला. फेस खरा असला की बसतो, फोटो काढेपर्यंत त्याचं पाणी होतं. म्हणून ती पुन्हा पुन्हा दोन्ही हातांनी वडी चोळत राहिली, फेस करायची, वडीवर ठेवायची, मोबाईल घ्यायची, फेस बसला की परत. तासभर हे चाललं. थोरली दारात, ओट्याशी, परत दारात.

"पुरे झाला तो फेस," ती तीनदा म्हणाली.

"आई, आत्ता कुठे जमतंय."

एक वाजता फोटो पाठवले. दोनला दुकानाच्या मालकिणीचा फोन आला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाकी दोघांचे फोटो बघितले, फळी तुमची," बाई म्हणाली. "असा रंग मी बघितला नाही. उद्या सकाळी माझा माणूस येईल, ह्याच घाण्यातल्या वीस वड्या द्या. दुकानात हात धुवायच्या बेसिनवर ठेवते, गिर्‍हाइकं वापरून बघतील. एक घरी नेते. माझ्या नातवाला बाहेरचा कुठलाच साबण सोसत नाही, तुमचा बघू."

"पाठवते," सून म्हणाली. फोन ठेवून तिने म्हातार्‍याच्या हातातला पुठ्ठा घेतला, त्याला टाळी दिली. आणि मग नकळत दोन्ही तळवे साडीला घासले. मग नखांनी बोटांच्या बेचक्या खाजवल्या.

थोरलीने ते पाहिलं. बेचक्या लाल झाल्या होत्या. बोटांची कातडी ताणून चकाकत होती.

"काय झालं हाताला?"

"काही नाही, पाण्यात फार वेळ होते ना. चुरचुरतंय."

 थोरली ओट्याशी गेली, तेलाची वाटी आणली आणि सुनेच्या हातांना चोळायला लागली. चाळीस वर्षांत तिने कुणाच्या हाताला तेल चोळलं नव्हतं, म्हणून सून घाबरून बघत राहिली.

"उद्या नको म्हणावं त्या बाईला," थोरली म्हणाली. "पुढच्या महिन्यात ये म्हणावं."

"का? मुरलेला साबण आहे, सहा गाठी आहेत."

"मी सांगते ना, नको."

"आई, तीन दिवस मी मरमर मेले त्या फळीसाठी. कारण तरी सांगा."

थोरली उठली, खिडकीशी गेली. तिथून दारात. दारातून परत. म्हातार्‍याने वर्तमानपत्र उघडलं होतं, ते न वाचता तो म्हणाला, "धूळ पुसलीस तेव्हा दोऱ्यालाही हात लागला असेल."

थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर घर सोडून गेला असता. मग ती सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"तो साबण रविवारचा आहे. वड्या मी फिरवल्या, दोरे खोटे केले. मुरलेला खालच्या फळीवर आहे. हाताला झालंय ते त्याने झालंय." एका दमात बोलली. "आता काय बोलायचं ते बोल."

 सुनेने आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. तीनला दहा कमी. मग खालच्या फळीवरच्या वड्या आणायला गेली.

"माफी मागू का?" थोरलीने मागून विचारलं. आवाजात अजून तोरा होता, पण धरून ठेवलेला.

"माफी नको. ती वरची पांढरी पूड काढा. मला हात ओले करता येत नाहीत."

तेवढं थोरलीला येत होतं. साल काढायच्या सोलणीने तिने वडीच्या प्रत्येक कडेवरून एक पातळ पापुद्रा उतरवला. पुडीखालून गवती हिरवा रंग निघाला, आत तेलाच्या बारीक रेषा. सुनेने काळा कागद काढून टाकला, त्याने वडी मेल्यासारखी दिसत होती. साधं फिकं फडकं अंथरलं, वडी खिडकीच्या अगदी काठाशी नेली. उजेड आडवा पडला आणि त्या रेषा उठून आल्या. डोळे दिपतील असं काही नव्हतं. पण वीट नव्हती.

म्हातार्‍याने न सांगता पुठ्ठा धरला.

"लिही," थोरली म्हणाली. "लिही की पहिला फोटो चार दिवसांच्या साबणाचा होता, चूक घरच्या म्हातारीची. तुमच्या हातात येईल तो ह्या दुसर्‍या फोटोतला. पहिला बेसिनवर ठेवायला मिळणार नाही, नातवाला तर मुळीच नाही. पटत नसेल तर फळी दुसऱ्याला द्या."

सुनेने लिहिलं, फक्त म्हातारीच्या जागी 'घरची चूक' असं घातलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना गेलं. साडेचार वाजले. थोरलीने ओटा दोनदा पुसला, तिसऱ्यांदा पुसायला घेतला तेव्हा मोबाईल वाजला. सुनेने वाचून दाखवलं. फळी बाईने दुसर्‍या कुणालातरी दिली होती, गिर्‍हाईक रंगाला भुलतं म्हणून. पण दुसर्‍या फोटोतल्या दहा वड्या उद्या हव्या होत्या. दाराजवळच्या छोट्या टोपलीत ठेवणार होती. आणि एक वेगळी, नातवासाठी.

"टोपलीत," थोरली म्हणाली. "चाळीस वर्षं साबण केला आणि टोपलीत गेले."

 सून मागच्या खोलीत गेली. तिने खोट्या गाठींचा दोरा सोडून फेकून दिला, रविवारच्या घाण्याला कोरा दोरा अडकवला. मग कोनाड्यातलं सुताचं रीळ उचललं आणि बाहेर येऊन, थोरलीच्या डोळ्यांदेखत, आपल्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"ह्यापुढे गाठी मी मारीन, आई."

 थोरली कपाटाकडे चार पावलं गेली, थांबली, परत फिरली.

"मार," ती म्हणाली. "पण घट्ट मार. आज माझ्या हातून फार सैल बसल्या."

आणि तेलाची वाटी उचलून ती पुन्हा सुनेच्या हातांशी आली.