वळणबाबा आणि आबासाहेबांचा खुनी

चारकोपच्या सोसायटीचा हॉल इतका भरला होता, की टेबल टेनिसच्या टेबलावरही भाविक मांडी घालून बसले होते. मधोमध वळणबाबा.

बाबांचा चमत्कार साधासुधा नव्हता. ‘सासर माझं सातव्या मजल्यावर’ या मालिकेत पुढे काय घडणार, हे ते आधीच सांगत. एकेकाला पडद्यामागे बोलवायचं, कानात उत्तर फुंकायचं आणि दरडावायचं, “बाहर फोडलास तर फळ गेलं, बच्चा! जहाँ वळण, वहाँ आपण!”

आत्ताचा प्रश्न होता, मालिकेतल्या आबासाहेबांना विष कोणी दिलं. भाग दाखवून झाला, खुनी आचारी निघाला आणि वनमालाबाई नाचायच्याच बाकी राहिल्या. “बाबांनी सोमवारीच सांगितलेलं, आचारी!”

त्यांची मुलगी अक्षता गार पडली. ही मालिका अंधेरीच्या स्टुडिओत बसून तीच लिहायची. ठरलेल्या खुन्याला ऐन शूटिंगच्या दिवशी कांजिण्या आल्या, म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत आचाऱ्याला खुनी केलं होतं.

“आई, सोमवारी मला स्वतःलाच माहीत नव्हतं गं!”

“तू नुसती लिहितेस. ते जाणतात.”

गंमत इथवर ठीक होती. पण वनमालाबाईंना सांगितलेलं हे सलग तिसरं भाकीत खरं ठरलं होतं, आणि दुसऱ्यानंतरच खूश होऊन बाबांनी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करवल्या होत्या. “तुझ्याही कहाणीत वळण आलं. साखर गेली!” साखर कुठेही गेली नव्हती. साडेतीनशेवर जाऊन बसली होती. आईला उभं राहिलं की गरगरायचं.

लिफ्टमध्ये सेक्रेटरी नंदकुमार भेटले, चेहरा पडलेला. “माझीच भक्ती कमी पडली गं. मला ‘डॉक्टर’ सांगितलेलं.”

“काका! कुणाला बोललात?”

“वेडी काय? फळ जातं ना!”

अक्षताचा मजला आला, गेला. ती उतरायचीच विसरली. मग काकांना घेऊन तशीच खाली आली, अजून भरलेल्या हॉलमध्ये घुसली आणि माईक ओढून घेतला.

“भाग दाखवून झालाय, आता फळ जायची भीती नाही. बाबांनी कानात काय सांगितलं होतं ते सगळ्यांनी एकदम ओरडा. चला!”

“डॉक्टर!” “आचारी!” “धाकटी सून!” “आबासाहेब मेलेच नाहीत!” “पोपट!”



“पोपट?” नंदकुमारांनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मनालीने हात वर केला. “मलाही जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, मालिका आहे.”

“एवढंच आहे हे,” अक्षता म्हणाली. “प्रत्येकाला वेगळं उत्तर. ज्याचं लागलं तो पेढे घेऊन आला. ज्याचं चुकलं तो स्वतःलाच दोष देत घरी बसला, आणि गुपित म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. एवढ्या माणसांत एखादीचं तीनदा लागणारच. ती माझी आई निघाली.”

“यह भी एक वळण है!” म्हणत बाबा दाराकडे सरकले. नंदकुमारांनी दार अडवलं. “थांबा हो. आता पुढे काय होणार, तेवढं सांगून जा.”

पहिल्यांदाच बाबांना ते अचूक कळलं असावं. नंदकुमारांनी पोलिसांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत बाबा टेबल टेनिसच्या टेबलाला टेकून बसले.

मंडळी, धक्के खायची हौस मालिकेत भागवा. औषधाचं डॉक्टरला विचारा, आणि कुणी ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं, की आधी शेजाऱ्याला जाऊन सांगा.

घरी वनमालाबाईंनी मुकाट्याने गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि लेकीजवळ सरकल्या.

“आता तरी खरं सांग. पुढच्या आठवड्यात कोण मरतंय?”

“मला काय माहीत, आई? अजून लिहिलंच नाहीये.”