काउंट बरोबर

ऑपरेशन संपत आलं की टाके घालण्याआधी डॉक्टर सिस्टरकडे बघतात. सिस्टरने ‘काउंट बरोबर’ म्हटल्याशिवाय पोट शिवायचं नाही, हा नियम. स्पंज किती आत गेले, किती बाहेर आले, चिमटे, कात्र्या, सुया, सगळं दोन सिस्टरांनी मिळून मोठ्याने मोजायचं. आणि नुसतं तोंडाने नाही, एकेक वस्तू डोळ्यांनी बघत. मी एकतीस वर्षं हेच केलं. एक स्पंज सापडेना म्हणून मोठमोठ्या सर्जनना वीस-वीस मिनिटं ताटकळत ठेवलंय. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, पण माझा काउंट चुकला असं गेल्या महिन्यापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं.

सहलीला आम्ही चौघी होतो, सगळ्या एकाच ऑपरेशन थिएटरच्या. मेट्रन निवृत्त झाली तरी मेट्रनच राहिलीय, चहासुद्धा हुकूम सोडून मागते. गोळीवालीकडे औषधांच्या कपाटाची किल्ली असायची, आता पर्समध्ये अख्खं कपाट असतं. आणि चिमणी. उंची बेताची, त्यामुळे थिएटरमध्ये तिच्या पायाखाली स्टूल लागायचं, आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू. माझ्याबरोबर काउंट करायला कायम तीच असायची.

दोन वर्षांपासून चिमणी विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग नातवाचं नाव. सहलीचं ऐकून तिच्या लेकीने मला गाठलं.

“मावशी, घराबाहेर पडली की ती गोंधळते. नको नेऊ.”

“जशी नेतेय तशी तुझ्या हातात आणून देईन,” मी म्हटलं. “माझा शब्द.”

माझा शब्द म्हटल्यावर ती पोर काय बोलणार? तिने स्वेटर, गोळ्या आणि आई माझ्या स्वाधीन केली.

गाडी भाड्याची. आत चार झोपायच्या जागा, शेगडी, फ्रिज, एवढासा संडास. मालकाने सूचनांचा पाढा वाचला आणि आम्ही माना डोलावल्या. पहिल्याच दिवशी बाजूचं कापडी छत गुंडाळायचं राहिलं आणि अर्धं झाड बरोबर घेऊन आम्ही चौकात शिरलो. दुसऱ्या दिवशी मेट्रनने घाण पाण्याचा नळ उलटा फिरवला आणि नव्या चपलांसकट न्हाऊन निघाली. एका वळणावर फ्रिजचं दार उघडून अंड्यांचा ट्रे गोळीवालीच्या मांडीत आला. आम्ही हसून हसून रडलो. चिमणी सगळ्यांत जास्त हसली.

एका गावात घड्याळांचं संग्रहालय होतं. तीनशे घड्याळं आणि एकही चालू नाही. चिमणी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवत म्हणाली, “बरं वाटलं बाई. इथे सगळ्यांची माझ्यासारखीच गत आहे.” मेट्रनने तोंड फिरवलं. मी चिमणीचा हात धरला. तो गरम होता, हे मला पक्कं आठवतंय.

गाडी मीच चालवत होते. माझ्या सीटमागे जाड पडदा होता, मागचं काही दिसायचं नाही. म्हणून निघताना काउंट. मी म्हणायची ‘एक’, शेजारून मेट्रन ‘दोन’, मागून गोळीवाली ‘तीन’ आणि सगळ्यांत मागच्या जागेवरून चिमणी, ‘चार, आणि भूक लागलीय!’ दर वेळी तेच. नुकतीच जेवलेली असली तरी तेच. मग मी म्हणायची, “काउंट बरोबर,” आणि किल्ली फिरवायची. मागे वळून बघत नव्हते. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी थिएटरमधल्या मुलींना धारेवर धरलं, ती मीच करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीपगृह बघायला गेलो. कड्यावर उभं जुनं दीपगृह, भोवती कुंपण, समुद्राकडे तोंड करून एक बाक. तासभर फिरलो, फोटो काढले. अचानक धुकं आलं. दुपारचे तीन वाजले होते आणि हातभरावरचं दिसेना. मेट्रन ओरडली, “गाडीत चला सगळ्या!” दारं आपटल्याचे आवाज आले.

“एक,” मी म्हटलं.

“दोन.”

“तीन.”

“चार, आणि भूक लागलीय!”

“काउंट बरोबर.”

सोळा किलोमीटरवर धुकं विरळ झालं तसे चहाला थांबलो. गोळीवालीने मागे जाऊन हाक मारली, मग पांघरूण उचललं, मग संडासाचं दार उघडलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“चिमणी नाहीये गं.”

“नाहीये म्हणजे काय? आत्ता चार म्हणाली की!”

“मीही ऐकलं,” मेट्रन म्हणाली. “माझ्या कानांनी ऐकलं.”

गोळीवाली हळूच म्हणाली, “माझ्या अगदी मागून आलं. मला वाटलं, आडवी झाली असेल.”

ते सोळा किलोमीटर मी कसे कापले ते मला विचारू नका. डोळ्यांपुढे फक्त तो कडा होता आणि तिची लेक. मेट्रन सारखं म्हणत होती, “कोण म्हणालं मग? कोण म्हणालं?” शेवटी मी तिच्यावर खेकसले, “गप बस! आधी ती सापडू दे.”

सापडली. बाकावर बसली होती, हात मांडीवर, स्वेटरची बटणं नीट लावलेली. केसांवर धुक्याचे थेंब. मी तिला मिठी मारली आणि तिथेच हमसून हमसून रडले, लाजलज्जा सोडून. ती रडली नाही, घाबरलेलीही नव्हती. तिचे हात मात्र बर्फासारखे गार होते.

“घाबरलीस का गं?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. एवढंच.

तिला गाडीत पुढे, माझ्या नजरेसमोर बसवलं. पडदा बाजूला सारला. या वेळी नियमाप्रमाणे, एकेकीच्या खांद्याला हात लावून, डोळ्यांनी बघत मोजलं. एक. दोन. तीन. चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी बाईकडे बघावं तशी, शांत. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

मागच्या रिकाम्या जागेवरून आवाज आला, “चार, आणि भूक लागलीय!”

मेट्रन देवाचं नाव घ्यायला लागली. मी उठून मागे गेले, पांघरूण झटकलं, गादी उलटी केली, तिच्या खालचा कप्पा उघडला. स्पंज हरवला की असंच शोधतात. तिथे काही नव्हतं. गादी मात्र कोमट होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

परतीच्या वाटेवर काउंट घेतला नाही. चिमणी खिडकीतून बाहेर बघत बसली. दिलं ते खाल्लं, सांगितलं तेव्हा झोपली. दोन दिवसांत ना एक शब्द जादा, ना एक विनोद. “गारठा बाधलाय,” गोळीवाली म्हणाली आणि गोळी दिली. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

लेक दारातच उभी होती. तिने आईला न्याहाळलं, गालावरून हात फिरवला. “आई? मी कोण सांग बघू?” चिमणी तिच्याकडे बघून नुसती हसली. सहलीला निघताना तिने लेकीला नावाने हाक मारून टाटा केला होता.

लेक माझ्याकडे वळली. “मावशी, सगळं ठीक ना?”

एकतीस वर्षांत मी खात्री नसताना ते शब्द उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले. “काउंट बरोबर आहे,” मी म्हटलं आणि मान खाली घालून निघाले.

उरलेल्या दोघींना घरी सोडून गाडी परत द्यायला निघाले, पण मालकाच्या फाटकापाशी पाय ब्रेकवरून निघेना. इंजिन बंद केलं. दुपारचं लख्ख ऊन, समोर माणूस गाड्या धूत होता. मी स्वतःलाच मूर्ख म्हटलं आणि तरी बोलले, “एक.”

दोन नाही, तीन नाही.

“चार,” पडद्यामागून चिमणी म्हणाली. भुकेचं काही बोलली नाही. “घरी कधी जायचं गं?”

मी भ्यायले, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त मला माझा शब्द आठवला. गाडी वळवली आणि थेट तिच्या घरासमोर नेऊन उभी केली. वरच्या खिडकीत चिमणी बसली होती, लेक तिचे केस विंचरत होती. मी गाडीचं मागचं दार सताड उघडलं, पायरी खाली सोडली.

“उतर,” मी म्हटलं. “आलं बघ तुझं घर. लेक वाट बघतेय.”

पायरी हलली नाही. वर खिडकीत कंगवा केसांतून फिरत राहिला. मी तशीच दार धरून उभी होते. मग आतून, अगदी दाराजवळून, तिने विचारलं, “हे कुणाचं घर?”