वरच्या ताईंची डोकेदुखी

"वर, खाली, वर, खाली. थांबू नका काकू," डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच समोरची भिंत डावीकडे कलली.

लाकडी पायरी ती केवढी, जेमतेम वीतभर. पाच मिनिटं चढायची-उतरायची, बस्स. रोज सकाळी एकशे ऐंशी दांड्यांची लोखंडी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसणाऱ्या बाईला हा म्हणजे निव्वळ पोरखेळ. पण चौथ्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानात घूं झालं आणि ताई भिंतीला धरून मटकन खाली बसल्या.

अख्खं यार्ड त्यांना 'वरच्या ताई' म्हणायचं. बावीस वर्षं त्या वर बसून लोखंडाचे गठ्ठे उचलत होत्या आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसे ट्रकवर ठेवत होत्या. ही तपासणी दरवर्षीची. नापास झालं की शिडी बंद. मग गोदामाच्या खिडकीत बसून गेटपास लिहायचे. त्या खिडकीवरून जाताना ताई मान फिरवून घ्यायच्या. आता तर खिडकी दारातच येऊन उभी राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली. झोपवून रक्तदाब मोजला, उभं करून मोजला, तर उभं राहिल्यावर तो घसरलेला. हृदयाचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालात? ताई म्हणाल्या, चहा झालाय. "पाणी विचारतेय मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाणी संध्याकाळी, घरी गेल्यावर. आज सुट्टी घेऊन आल्या होत्या तरी सवयीने तांब्याला हात लागला नव्हता. का, म्हणून विचारल्यावर ताई अवघडल्या. मुलीच्या वयाच्या पोरीला सांगायचं तरी कसं?

"वर संडास नाही ना," शेवटी त्या म्हणाल्या.

उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा. तेवढा वेळ क्रेन उभी, म्हणजे सगळं यार्ड उभं. बाकीचे दोघे ऑपरेटर पुरुष, ते रिकामी बाटली घेऊन वर जात. ताईंनी पहिल्याच आठवड्यात यावर तोडगा काढला होता: प्यायचंच नाही. "बावीस वर्षांत मी एकदाही मधेच खाली उतरलेली नाही," त्यांनी सांगितलं, आणि सांगताना मान थोडी ताठ झालीच. डॉक्टरीणबाईंनी मात्र शाबासकी दिली नाही. डोकं दुखतं का, एवढंच विचारलं.

ताईंना हसूच आलं. डोकं? ते तर माहेरहून आलेलं! आईचंही दुखायचं. संध्याकाळी घरी पोचलं की कपाळाला ओढणी बांधून अंधाऱ्या खोलीत पडायचं, ते जेवायच्या वेळेपर्यंत. त्यात नवल ते काय?

"असेलही आईकडून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकदा पाणी पिऊन बघा. आठ दिवसांनी परत चढवते पायरीवर. निकाल तेव्हाच लिहीन; गेल्या वर्षीचा शिक्का तोवर चालतोय."

ताईंचा स्वभाव मुळातच चौकस. क्रेनमध्ये कुठे खर्र वाजलं तर मेकॅनिक येण्याआधी त्यांनी आवाज कुठला ते हुडकलेलं असायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग आवाज जातो का बघायचं, ही त्यांची रीत. तीच त्यांनी स्वतःला लावली. जेवण तेच, झोप तेवढीच, फक्त पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या घेऊन वर गेल्या आणि घोटघोट पीत राहिल्या. साडेदहाला व्हायचं ते झालं.

त्यांनी वॉकीटॉकी उचलला आणि खाली येतेय म्हणून सांगितलं. मुकादमाने घाबरून विचारलं, काय बिघडलं?

"काही बिघडलं नाही. मला लघवीला जायचंय."

वॉकीटॉकी अख्ख्या यार्डाचा सामाईक. सगळ्यांनी ऐकलं. हूक हवेत लटकत राहिला, ट्रकवाले बोनेटला टेकून उभे राहिले, आणि ताई एकेक दांडा उतरत खाली आल्या. कान तापले होते, पण पाय घाईत नव्हते. मुकादम दिवसभर फुगून बसला, तो बसला.

त्या संध्याकाळी डोकं दुखलं नाही. योगायोग असेल, त्यांना वाटलं. दुसऱ्या, तिसऱ्या संध्याकाळीही दुखलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बाटल्या घरी ठेवल्या, आणि घरी परतताना साडेपाचलाच कपाळात ठणका सुरू झाला. खात्री करायला पाचव्या दिवशी पुन्हा प्यायल्या. ठणका गायब. ताईंना आधी खूप आनंद झाला, कोडं सुटल्याचा. मग हळूहळू वेगळंच काहीतरी वाटू लागलं, आणि त्याला काय म्हणायचं ते कळेना.

आठव्या दिवशी पायरीवर पाचच्या पाच मिनिटं झाली. भिंत जागची हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी शिक्का मारला आणि संडास क्रेनजवळ आणा म्हणून कचेरीला चिठ्ठीही लिहून दिली.

घरी आल्या तेव्हा सहा वाजले होते. डोकं शांत, अंगात तरतरी, आणि जेवायला अजून अडीच तास. या अडीच तासांत करायचं काय असतं? बावीस वर्षांत त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी मुलीला फोन लावला, ती आता लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. पास झाल्याचं सांगितलं. पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"एवढं हळू का बोलतेस गं? घरात कुणी झोपलंय का?"

"नाही गं," मुलगी म्हणाली. "सवयच झालीय. संध्याकाळी तुझ्याशी हळूच बोलायचं असतं ना."

"आता नाही दुखत डोकं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोल तू. काहीही बोल."

बरं, मुलगी म्हणाली, आणि सांगू लागली. दिवसभराचं सगळं सांगत होती, पण तेवढ्याच हळू आवाजात. ताई फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिल्या.