धुरकऱ्याच्या नावाची जोडी

मित्रांनो, मला कोणी जुनी म्हटलं की राग येतो. पण खरं ते खरं. पंचवीस पावसाळे अंगावर काढलेली मी एक छकडी आहे. तुम्ही म्हणाल, छकडीचं काय एवढं कौतुक? अहो, मी काही कापूस-कडबा वाहणारी बंडी नव्हे, मी शंकरपटाची छकडी आहे! एक माणूस बसेल एवढीच माझी जागा, आणि वजन म्हणाल तर दोन गडी मला सहज उचलून नेतील. गर्व करू नये म्हणतात, पण एवढासा तर चालतो.

ज्यांना शंकरपट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वर्धेकडं कापूस घरात आला की गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती लागतात. माळावर सरळ, पाचशे हातांची वाट आखतात, तिला दाण म्हणतात. एकेक जोडी छकडीला जुंपून त्या दाणीवरून सुसाट सोडायची. छकडीवर बसून जो जोडी हाकतो तो धुरकरी. माझा धुरकरी होता तानबा. त्याचीच गोष्ट सांगायला मी तुम्हाला थांबवलं आहे.

मला घडवलं देवळीच्या लक्ष्मणराव सुतारानं. आसाला धावडा, चाकांना बाभूळ, धुऱ्याला तिवसाचं लाकूड. एकेक आरा तो कानाशी धरून वाजवून पाहायचा. कोणी घाई केली की म्हणायचा, "घाई असन त दुसरा सुतार पाहा." घाई होती आमच्या गावचे मालगुजार अण्णाजी यांना. नाचणगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. अण्णाजींकडं हौशा आणि पाखऱ्या अशी पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी होती, आणि तिच्यासाठी मी हवी होते.

तानबा अण्णाजींच्या शेतावर कामाला होता. बारकासा, काटक माणूस. पहिल्या दिवशी तो माझ्यावर बसलाच नाही. आधी भोवती फिरला, आसावरून तळवा फिरवला, मग बसला आणि वीतभर मागं सरकला. तेवढ्यात मी ओळखलं, हा आपला माणूस. वजन मागं गेलं की जू बैलांच्या मानेवर हलकं होतं, याला उलार होणं म्हणतात. बंडी उलार झाली तर शेतकरी वैतागतो. पण तानबा पळत्या छकडीला नेमकी हवी तेवढीच उलार करायचा. बैलांना वाटायचं, मानेवरचं ओझंच गेलं! मग ते असे पळायचे की माझ्या चाकांना जमीन लागते की नाही, मलाच कळायचं नाही. लोक म्हणायचे, तानबाजवळ जडीबुटी आहे. जडीबुटी कसली डोंबलाची! वीतभर सरकणं होतं ते, आणि ते फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं.

तेरा वर्षं आम्ही पट मारले. देवळी, आर्वी, पुलगाव, कुठं कुठं म्हणून सांगू! रोहणा गावचा बापूराव हा दुसरा नामी धुरकरी. तो दर साली हरायचा आणि दर साली येऊन म्हणायचा, "तानबा, पुढच्या साली पाह्यतो तुले." तानबा हसून म्हणायचा, "येजो." बैलांना चांदीचं कडं मिळायचं, अण्णाजींना फेटा बांधला जायचा.

आणि नाव पुकारलं जायचं. हे नाव पुकारणं म्हणजे पटाचा जीव. आमच्या गावच्या पटात दाणीच्या शेवटाला मचाणावर पुकारा करणारे नानाजी उभे राहायचे, हातात पत्र्याचा भोंगा. जोडी रेषेच्या आत सरळ राहून शेवटपर्यंत आली की पांढरं निशाण पडायचं आणि नानाजी जोडीच्या मालकाचं नाव पुकारायचे. सगळा माळ ते नाव उचलायचा. जोडी दाण सोडून बाहेर गेली की निशाण नाही, नाव नाही. तेरा वर्षं मी एकच ललकारी ऐकली, "मालगुजार अण्णाजींची जोडी!" धुरकऱ्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. तसा रिवाजच नव्हता. तानबा खाली उतरून बैलांचा घाम पुसत राहायचा. मला मात्र तेव्हा वाईट वाटायचं, अगदी खरं सांगते.

मग एका सालच्या पटात माझं उजवं चाक घळीत गेलं, मी उलटले आणि तानबाच्या पायावर पडले. मीच पडले हो, दुसरं कोणी नाही. पाय वाकडा बसला आणि त्याचा पट सुटला. हौशा-पाखऱ्याही थकले होते. अण्णाजींनी मला तानबाला देऊन टाकलं. पुढं सात-आठ वर्षं मी त्याच्या गोठ्यात पडून. माझ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. पटाच्या छकडीत कोंबड्या, म्हणजे काय फजिती सांगावी! पण दर पोळ्याला तानबा लंगडत यायचा आणि माझ्या आसाला वंगण द्यायचा.

मग एका दिवाळीनंतर तानबा तापानं गेला.

आता त्याच्या बायकोचं सांगते. तिचं नाव कोकिळा, पण नावावर जाऊ नका, बोलणं चांगलं खणखणीत. आदल्या साली दसऱ्याला दोघं नवरा-बायको पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. तेव्हापासून कोकिळेची मान ताठ झाली, असं गावातले काही जण म्हणायचे. मला विचाराल तर ती आधीपासूनच ताठ होती.

माघात आमच्या गावचा पट भरला. सुरुवातीला पंचांनी तानबाची आठवण काढली. अण्णाजी उठले, म्हणाले, "तानबासारखा धुरकरी पुन्हा होणे नाही," आणि कोकिळेला शाल द्यायला पुढं आले. माणूस मनानं वाईट नव्हता. पण कोकिळेनं हात पुढं केला नाही.

"शाल राहू द्या, मालक," ती म्हणाली. "आज एक बार त्यायचं नाव पुकारा पटात. हारजित झाल्यावर पुकारतेत तसं."

नानाजींनी भोंगा खाली ठेवला. "वहिनी, तानबा माह्या दोस्त होता. पण पटात मालकाचंच नाव पुकारतेत. ज्याची जोडी त्याचं नाव. रिवाज हाय."

"आन् जोडी त्यायचीच असन त?"

"मंग पुकारा लागन. पण जोडी धावली पाह्यजे, सरळ शेवटलोक आली पाह्यजे."

"मंग नोंद करा," कोकिळा म्हणाली आणि तडक घराकडं निघाली.

मित्रांनो, अर्ध्या तासात माझ्यातल्या कोंबड्या बाहेर आणि मी रस्त्यावर! जुंपलं कोणाला, तर कबऱ्या आणि भुऱ्याला. हे तानबाच्या स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावरचे नांगराचे बैल. एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याचं एक शिंग खाली वळलेलं. जन्मात कधी पळाले नव्हते. आठ वर्षांनी पटात जायचं, तेही या दोघांच्या मागून!

मचाणाखाली नोंदीची वही घेऊन नानाजी बसले होते. त्यांनी विचारलं, "मालकाचं नाव?"

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण नोंद सांगणाऱ्यानंच करायची. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडं बाया काढत नाहीत. भोवतीची माणसं गंमत पाहत उभी. तिनं पदर खोचला आणि स्पष्ट म्हणाली, "तानबा सोमाजी. लिहा."

नानाजींनी लिहिलं. मग विचारलं, "आन् हाकते कोन?"

हा विचार कोणीच केला नव्हता. तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला, "मी हाकतो." पाहते तर रोहण्याचा बापूराव! डोक्याला टक्कल पडलेलं, पण चाल तीच. त्या दिवशी त्याच्याकडं रोहण्याची नामी जोडी होती, फेटा जिंकायला आला होता. ती जोडी त्यानं दुसऱ्याच्या हाती दिली आणि माझ्याजवळ आला. कोकिळेला म्हणाला, "वहिनी, जिंदगीभर तुमच्या घरच्या माणसानं हरवलं मले. त्याचं नाव पडू नाई देत मी."

माझ्यावर बापूराव बसला! ज्याला तेरा वर्षं मागं टाकलं, तो माझ्यावर! मला वाटलं अंग चोरावं. पण मग म्हटलं, अगं, आता मान-अपमान करायची वेळ आहे का?

निशाण हललं. बापूरावानं हाळी दिली. कबऱ्या-भुऱ्या जागचे हलले नाहीत. त्यानं कासरा ओढला, शेपट्या पिळल्या, आरोळ्या मारल्या. बैल शांतपणे रवंथ करत उभे. माळावर हशा पिकला. कोणी ओरडलं, "अरे, नांगर आना यायच्या मांगं." माझा जीव लाजेनं अर्धा झाला.

बापूराव मात्र हसला नाही. त्यानं कोकिळेकडं पाहिलं. "वहिनी, पेरताना यायच्या मांगून कोन चालते?"

"मीच चालतो. पेरायच्या सरत्यावर माह्या हात राह्यते."

"मंग बसा मांगं. यायले मांगून तुमचा आवाज पाह्यजे."

पटाच्या छकडीवर बाई? पंचांपैकी एक उठला. पण छकडीवर बाईनं बसू नये असं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तो काही बोलायच्या आत कोकिळा चढलीसुद्धा. बापूराव पुढं सरकला, ती माझ्या अगदी मागच्या कडेला आसावर पाय रोवून बसली. आणि मित्रांनो, मी उलार झाले! अगदी तेवढीच, तानबा करायचा तेवढीच. कबऱ्यानं मान हलवून पाहिली. जू हलकं झालं होतं.

"चला रे बाबूहो," कोकिळा मागून म्हणाली.

आणि निघाले की! आधी चालले, मग दुडके, मग खरंच पळू लागले! धूळ उडाली, माझे आरे गुणगुणायला लागले, लक्ष्मणराव सुतार कान लावून ऐकायचा तोच सूर. शंभर हात. दोनशे हात. हसणारी माणसं उठून उभी राहिली. पळणं काही वाऱ्यासारखं नव्हतं, हे कबूल. पण सरळ होतं, रेषेच्या आत होतं, आणि आणखी काय हवं होतं आम्हाला!

तीनशे हातांवर घात झाला. तानबाच्या शेतातलं तास, म्हणजे नांगराची सरळ ओळ, बरोब्बर तीनशे हातांचं. वर्षानुवर्षं तेवढं चालायचं आणि वळायचं, हेच त्या बैलांना ठाऊक. तीनशे हात भरले आणि दोघांनी शहाण्यासारखी उजवीकडं मान घातली. वळायला लागले की! बापूरावानं डावा कासरा हाताला पीळ देऊन ओढला, तरी भुऱ्या वळतच होता. माझं उजवं चाक चुन्याच्या रेषेपाशी गेलं. मला तानबाचा पाय आठवला. मी सगळ्या खिळ्यांनिशी घट्ट राहिले, याहून मी काय करू शकणार होते?

"तासानं," कोकिळा म्हणाली. ओरडली नाही. पेरताना म्हणते तसंच म्हणाली. "तासानं रे, तासानं चाल. अजून लय पेरा लागते."

भुऱ्याचे कान मागं झाले. चाक रेषेवरून आत आलं. बैलांना वाटलं असेल, आज मालकीणबाईनं शेत वाढवलं दिसतं. आणि ते सरळ निघाले. "तासानं, तासानं," ती म्हणत राहिली, आणि मग काय सांगू, सारा माळ म्हणायला लागला, "तासानं, तासानं!" चारशे हात. साडेचारशे. शेवटाचा खांब मागं गेला!

पांढरं निशाण पडलं.

तोवर पळालेल्या तीस जोड्यांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण नानाजी मचाणावर उभे राहिले, भोंगा तोंडाला लावला, आणि त्यांचा आवाज फुटेपर्यंत पुकारलं, "तानबा सोमाजीची जोडी! हाकणारे, रोहण्याचे बापूराव! आन् मांगं कोकिळाबाई!"

माळानं नाव उचललं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तानबा, तानबा. बापूराव कासरा धरून बसूनच राहिला. चाळीस वर्षं पट मारणाऱ्या त्या माणसानं पटात स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. कोकिळा रडत होती आणि हसत होती, आणि मीही रडले असते, पण लाकडाला ते जमत नाही.

पुढची पाळी अण्णाजींच्या नव्या जोडीची. तिचा धुरकरी प्रेमदास छकडीजवळ उभा, पण बसेचना.

"काय झालं रे?" अण्णाजींनी विचारलं.

"मालक, माह्यंही नाव लिहा ना वहीत," प्रेमदास खाली पाहत म्हणाला. "नाई त मी नाई बसत."

सगळा माळ अण्णाजींकडं पाहू लागला. त्यांनी क्षणभर फेटा सारखा केला, मग मचाणाकडं हात केला. "नानाजी, लिहून घ्या. आन् ज्यायचे राह्यले, त्यायचेही लिहा."

त्या सालापासून आमच्या पटात दोन नावं पुकारतात. मला आता कोकिळा पोळ्याला वंगण देते, आणि कोंबड्यांना माझ्यात येऊ देत नाही, एवढं बरं. मित्रांनो, तुम्ही मला वंगण द्या असं काही मी म्हणत नाही. तुमच्या गावात कोणाच्या तरी नावाचा जयजयकार होईल, फेटे बांधले जातील, तेव्हा तुम्हीही टाळ्या वाजवा, जोरात वाजवा. फक्त टाळ्या थांबल्या की जवळच्या माणसाला एवढं विचारा, "हाकत कोण होतं?" आणि तो माणूस जिवंत असतानाच विचारा.